दादाच्या नावचं लिव्हर

दादाला नवं लिव्हर बसवावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा खोलीत सगळी घरचीच माणसं होती. पलंगावर दादा, उशाशी वहिनी, आणि दारापाशी भिंतीला टेकून उभी ताई, तिच्या शेजारी तिची मुलगी. जिवंत माणसाच्या लिव्हरचा तुकडा काढून दुसऱ्याला लावता येतो, पुढे दोघांचंही वाढतं, असं डॉक्टर समजावून सांगत होते. वहिनीचा रक्तगट जुळत नव्हता. दादाला मूलबाळ नव्हतं. "रक्ताच्या नात्यातलं कोणी असेल तर..." डॉक्टरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ताई म्हणाली, "मी देते."

मुलीनं तिचा दंड धरला. "आई, आधी ऐकून तर घे."

"ऐकलं की. तुकडा द्यायचाय."

ताईचं सगळं आयुष्य असंच गेलं होतं. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात धुलाईखाना होता, तिथे ती इस्त्रीच्या रोलरवर काम करायची. धुऊन पिळून आलेली ओली चादर दोघींनी दोन कोपरे धरून तापलेल्या रोलरखाली सरकवायची, पलीकडे दोघींनी ती कोरडी कडक झालेली धरायची आणि घडी घालायची. सगळी पाळी उभ्यानं. कोणी कामावर आलं नाही की मुकादम अर्धा जिना उतरून तिथूनच विचारायचा, "कोण थांबतंय?" बाकीच्या बायका चपला शोधण्यात गुंतायच्या आणि ताईच्या तोंडून "थांबते" निघून गेलेलं असायचं. तिच्याहून वयानं मोठ्या बायकाही तिला ताई म्हणत. एकटा दादा तिला ढब्बी म्हणायचा. लहानपणी ती गोल होती, पुढेही गोलच राहिली, आणि पन्नाशीला टेकली तरी दादाच्या लेखी ती ढब्बीच होती.

दादा मोटार शिकवायचा. बाजूच्या सीटवर बसून, आपल्या पायाखालचा जादा ब्रेक सांभाळत त्यानं अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती. नाकासमोर चालणारा माणूस. दारूचा थेंब कधी घेतला नाही. तरी त्याच्या पोटात पाणी झालं, डोळे पिवळे पडले, तेव्हा शेजारीपाजारी काय बोलायचं ते बोललेच. लिव्हर गेलं म्हटल्यावर आणखी वेगळं काय असणार? हे वहिनीच्याही कानावर गेलं. एके दुपारी तिनं दादाचं कपाट खालपासून वरपर्यंत उचकून बघितलं. आत काही नव्हतं. मग स्वतःचीच लाज वाटून ती दिवसभर कोणाशी बोलली नाही.

ताईच्या मनात शंका आली नाही. नवऱ्याशी पटेना म्हणून तान्ह्या मुलीला घेऊन ती बाहेर पडली तेव्हा दादानंच तिला खोली शोधून दिली होती. गाद्या स्वतःच्या खांद्यावरून तीन मजले चढवल्या होत्या, आणि का निघालीस, हे तेव्हाही विचारलं नव्हतं आणि नंतरही नाही. त्याला तुकडा द्यायचा यात विचार करण्यासारखं तिला काही दिसत नव्हतं.

तपासण्या सुरू झाल्या. ताई निर्धास्त होती. तिला सहसा तापसुद्धा यायचा नाही, आला तर ती अंगावर काढायची. दमायची मात्र फार. रात्री दमून झोपायची आणि सकाळी तितकीच दमलेली उठायची. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर काहीतरी निमित्त काढून थांबायची, कधी पिशवीचा हात बदल, कधी चपलेचा पट्टा बघ. पण दमणं हा तिला आजार वाटला नव्हता. एखाद्याचा आवाज बसका असतो, एखाद्याचे पाय मोठे असतात, तसा आपल्याला थकवा आहे, असं ती धरून चालली होती.

उपाशीपोटी रक्त घेतलं. कमरेला टेप लावून माप घेतलं. मग एका यंत्राची कांडी बरगड्यांच्या मधे टेकवली, तिनं टिचक्या मारल्यासारखे ठोके दिले. लिव्हर मऊ आहे की कडक आणि त्यात चरबी किती, हे त्यावरून कळतं, असं तिथली मुलगी म्हणाली. आठवड्यानं दात्यांच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावलं. बाई तरुण होत्या, केस घाईत बांधलेले, टेबलावर अर्धवट खाल्लेलं सफरचंद.

"तुमचं लिव्हर आत्ता घेता येणार नाही," बाई म्हणाल्या. "त्यात चरबी आहे. थोडीथोडकी नाही, जवळजवळ तिसरा हिस्सा. असं लिव्हर कापणं तुम्हालाही धोक्याचं आणि त्यांनाही."

"पण मी दारू पीत नाही," ताई म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं की हेच वाक्य दादाला किती जणांना ऐकवावं लागलं असेल.

"तेही पीत नव्हते. त्यांचंही चरबीनंच सुरू झालं. वीसेक वर्षांपूर्वी त्यांचं लिव्हर साधारण तुमच्या आजच्या लिव्हरसारखं असणार."

ताईनं मांडीवरची पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. मग म्हणाली, "माझी साखर चांगली आहे. कामावर तपासली होती मागे."

"साखर हद्दीत आहे. पण ती हद्दीत ठेवायला तुमच्या शरीराला इन्सुलिन किती सोडावं लागतंय बघा." बाईंनी कागदावरच्या एका आकड्याखाली रेघ ओढली. "रक्तातली साखर पेशींमध्ये जायला हे हार्मोन लागतं. तुमच्या पेशी त्याला दाद देत नाहीत. म्हणून शरीर आणखी सोडतं, मग आणखी सोडतं. बाहेरून साखर ठीक दिसते. आत मात्र त्या जास्तीच्या इन्सुलिनमुळे लिव्हर चरबी बनवत बसतं."

"म्हणजे साखर ठीक दिसावी म्हणून आत कोणीतरी जादा पाळी करतंय."

"हो. आणि किती वर्षं करतंय कोण जाणे."

आणखीही बरंच होतं. रक्तातली वाईट चरबी वाढलेली, चांगली कमी झालेली. लिव्हरच्या पेशी दुखावल्या की जे रक्तात उतरतं तेही वाढलेलं. थायरॉइड मंद चाललेलं, बहुतेक बऱ्याच वर्षांपासून. मासिक पाळी असेपर्यंत तिच्या हार्मोनचं बायकांना थोडं संरक्षण असतं, ताईची पाळी लवकर गेली तसं तेही गेलं. शिवाय पोटावरची चरबी नुसती पडून राहत नाही, तीही हार्मोन सोडते, असं बाईंनी सांगितलं. त्यातलं एक लिव्हरला जपणारं असतं, पण चरबी वाढली की नेमकं तेच कमी होतं. ही तपासणी सगळीकडे करत नाहीत, इथे एका अभ्यासासाठी करत होते. ताईचं ते फारच खाली होतं.

"चांगलं तेवढं कमी आणि बाकी सगळं जास्त," ताई म्हणाली. "एक तरी गोष्ट बेताची आहे का?"

बाईंनी कागद पुन्हा चाळले. "रक्तदाब. तो छान आहे."

ताई उठली तेव्हा बाईंनी तिला थांबवलं. "केस जरा वर घ्या." त्यांनी तिच्या मानेवरून बोट फिरवलं. "हे काळं कधीपासून आहे?"

आठवत नाही इतकं ते जुनं होतं. मानेच्या मागे काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा. अंघोळ नीट करत नाही म्हणून आई लहानपणी तो दगडानं घासायची, ताई रडेपर्यंत. शाळेत मागच्या बाकावरच्या मुली त्यावरून हसायच्या. दादालाही होता, पण त्याच्या सदऱ्याला कॉलर असायची.

"हा मळ नाही," बाई म्हणाल्या. "इन्सुलिन जास्त असलं की कातडी अशी होते. घासून जायची नाही."

बाहेर बाकावर तिची मुलगी बसली होती, चष्म्याच्या दुकानातून अर्धी सुट्टी टाकून आलेली. मान खाली घालून फोन बघत होती. ताई तिच्या मागे येऊन उभी राहिली. तोच पट्टा, तसाच. मुलगी सात-आठ वर्षांची असताना ताईनं तो किती वेळा घासला होता, साबण लावून, ब्रशनं, आपल्या आईचेच शब्द तोंडात घेऊन.

"ऊठ," ताई म्हणाली. "तुझंही रक्त द्यायचंय."

"मला काय झालंय?"

"तुझी पाळी दोन-दोन महिने येत नाही ना."

"ते सगळ्यांचंच असतं, आई."

"सगळ्यांचं असेल. तू ऊठ."

मुलीचंही इन्सुलिन वाढलेलं निघालं. बीजकोशात गाठी होत्या. लिव्हर मात्र अजून चांगलं होतं, पण तिचा रक्तगट मामाशी जुळत नव्हता. मुलगी दोन दिवस घुश्शात होती. तिसऱ्या दिवशी तिनं फोनवर बरंच काही वाचलं आणि घरातली साखर शेजारणीला देऊन टाकली.

"तीन महिने," डॉक्टरीणबाईंनी ताईला सांगितलं होतं. "वजन उतरवा. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी. रोज चाला. लिव्हरचं एक बरं असतं, त्याला उसंत दिली की ते सुधारतं. मग पुन्हा तपासू."

"दादा तीन महिने थांबेल का?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "त्यांना सांभाळायचा आमचा प्रयत्न चालू आहे," त्या म्हणाल्या.

मग ताईचं चालणं सुरू झालं. पाळीभर उभी राहिलेली बाई पाळी सुटली की हॉटेलच्या मागच्या बाजूला, गाड्या लावायच्या मोकळ्या जागेच्या कुंपणाकडेनं फेऱ्या मारायची. पोटऱ्यांना गोळे यायचे. टाचा ठणकायच्या. रोलरवर तिच्या जोडीला असायची ती बाई सोबत यायची. ती इतकी हडकुळी होती की तळघरात तिला सगळे सुतळी म्हणत. सुतळी चालता चालता खारे दाणे खायची.

"तू का चालतेस गं?" ताईनं विचारलं.

"तू पडलीस तर उचलायला नको?"

"तू मला उचलणार?"

"उचलणार कुठली. बोंब तर मारीन."

गोड चहा बंद झाला. चहाच्या वेळी मिळणारी बिस्किटं बंद. ताटातला भात मुठीएवढा झाला, त्याच्या शेजारी न आवडणाऱ्या भाज्यांचा ढीग. पहिले पंधरा दिवस तिचं डोकं दुखायचं आणि रोलरच्या वाफेत उभं असताना डोळ्यांसमोर बिस्किटं यायची. ती कोणाला बोलली नाही. बोलून काय करणार? सगळे म्हणाले असते, दादासाठी एवढं तर करायलाच हवं, आणि ते बरोबरच होतं.

रोज सकाळी वहिनीचा फोन यायचा. "काल चाललीस ना? रात्री काय खाल्लंस? वजन केलंस का?" ताई उत्तरं द्यायची. वहिनी "बरं" म्हणून फोन ठेवायची. एकदा ती स्वतः येऊन स्वयंपाकघरातले डबे उघडून बघून गेली आणि जाताना वजनाचा काटा ठेवून गेली. ताईला राग आला नाही. फक्त आपलं अंग आपल्याकडे कोणीतरी सांभाळायला दिलंय, असं तिला वाटायला लागलं. त्यात आपण राहायचं, झाडलोट करायची, पण त्याच्यावर नाव दादाचं. मुलगी चिडायची. "मामी एकदा तरी विचारते का, तू कशी आहेस म्हणून?"

"तिचा नवरा तिकडे पडलाय. तिनं माझं कशाला विचारावं?"

दुसऱ्या महिन्यात एके सकाळी ताईला जाग आली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. खोलीत सगळं जागच्या जागी होतं. मग तिला कळलं की अंग जड नाही. पाय पलंगावरून आपले आपण खाली आले होते. ती घाबरून पुन्हा आडवी झाली आणि मुलीला हाक मारली.

"काय होतंय?" मुलगी धावत आली.

"काही होत नाहीये," ताई म्हणाली. "तेच सांगतेय. दमल्यासारखंच वाटत नाहीये."

मुलगी तिच्या शेजारी बसली. "आई, बाकीचे लोक रोज असेच उठतात."

ताई बराच वेळ छताकडे बघत राहिली. दर सकाळी असं वाटत असेल तर लोक मिळालेल्या दिवसाचं करतात तरी काय, हे तिला समजेना.

सुट्टीच्या दिवशी ती दादाकडे जायची. पोटातलं पाणी काढलं की त्याला दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा पोट फुगायचं. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. पण डोकं ठिकाणावर असलं की तो तोच जुना दादा असायचा.

"ढब्बे, अर्धी झालीस की."

"अजून आहे भरपूर. तुला देऊन उरेल."

दादा हसला, हसता हसता त्याला धाप लागली. वहिनी पाणी आणायला गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "तुला एक सांगतो. मला एका डॉक्टरनं मागेच सांगितलं होतं. सोनोग्राफी दुसऱ्याच कशाची तरी केली होती, त्यात दिसलं. लिव्हरवर थोडी चरबी आहे म्हणाला. मी विचारलं, मग काय करायचं? तर म्हणाला, काही नाही हो, हल्ली सगळ्यांचीच असते."

"मग?"

"मग काय. सगळ्यांचीच असते म्हटल्यावर मी गाडीत जाऊन बसलो. दुपारची शिकवणी होती." त्यानं डोळे मिटले. "तुला वेळेवर कळलं ते बरं झालं. निदान माझ्या निमित्तानं."

ताईनं त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

पुढच्या वेळी त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. लिव्हर चालेना की रक्तातलं विष मेंदूपर्यंत जातं, हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालं होतं. त्यानं ताईकडे बघितलं आणि अगदी शांत, शिकवणीच्या आवाजात म्हणाला, "आधी आरसा बघा. मग सिग्नल. मग वळा. घाई करू नका, मागचा थांबेल."

"बघितला आरसा," ताई म्हणाली.

"छान. आता हळूच क्लच सोडा."

तो झोपेपर्यंत ती त्याच्यासोबत गाडी चालवत राहिली. कोपऱ्यात वहिनी तोंडाला पदर लावून बसली होती.

तीन महिने भरले. पुन्हा रक्त, पुन्हा बरगड्यांवर टिचक्या. डॉक्टरीणबाईंनी या वेळी तिला खुर्चीवर बसूही दिलं नाही, उठून तिचा हातच हातात घेतला. चरबी चालण्याइतकी खाली आली होती. इन्सुलिन निम्म्यावर आलं होतं. लिव्हरला जपणारं ते हार्मोनही थोडं वर आलं होतं. "तुम्ही कमाल केलीत," बाई म्हणाल्या. वहिनी पहिल्यांदाच ताईच्या गळ्यात पडली. ऑपरेशनची तारीख ठरली. ताईनं मुकादमाकडे रजा मागितली आणि मुलीनं दोघींच्या कपड्यांची बॅग भरून दाराशी ठेवली.

तारखेच्या आधीच दादाला ताप भरला. पोटातल्या पाण्यात संसर्ग झाला होता. त्याला अतिदक्षता विभागात नेलं, मग मूत्रपिंडं काम करेनाशी झाली. अशा अवस्थेत ऑपरेशन करता येत नाही, आधी यातून बाहेर येऊ दे, डॉक्टर म्हणाले. काचेपलीकडे ताई उभी राहायची. माझं तयार आहे, घ्या की, असं म्हणावंसं तिला वाटायचं, पण म्हणून उपयोग नव्हता. रजा अजून सुरू झाली नव्हती म्हणून ती कामावर जात राहिली.

त्या दुपारी तिचा फोन नेहमीप्रमाणे कपाटात बंद होता. मुकादम जिना पूर्ण उतरून खाली आला आणि रोलरपाशी येऊन उभा राहिला. तो असा कधी जवळ यायचा नाही. ताईनं त्याचं तोंड बघितलं आणि तिला समजलं. चादर अर्धी आत गेलेली होती. मधेच सोडली तर ती गुंडाळून अडकते, म्हणून तिनं कोपरा हातात धरून ठेवला, चादर पुरी आत जाईपर्यंत. मग हात पुसले. सुतळी तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत आली आणि तिची पिशवी तिच्या खांद्याला अडकवून मागे फिरली.

दादा गेल्यावर रडणं फारसं झालं नाही. वहिनी रडून रडून आधीच कोरडी झाली होती आणि ताईला रडण्याचं त्राण नव्हतं. चार दिवस माणसांची ये-जा झाली. ताईनं सगळ्यांना पाणी दिलं, खुर्च्या दिल्या, खुर्च्या परत नेऊन दिल्या. पाचव्या दिवशी ती कामावर गेली.

दात्यांच्या विभागातून एक फोन आला. तिची फाइल आता बंद करतोय, असं एक मुलगी अदबीनं म्हणाली. पुढचे उपचार हवे असतील तर लिव्हरच्या बाह्यरुग्ण विभागात नाव घालावं लागेल, तिथे वेगळी रांग असते. ताई "बरं" म्हणाली. नाव घातलं नाही. थायरॉइडच्या गोळ्या संपल्या, त्या आणायच्या राहिल्या. पाळी सुटली की ती सरळ घरी जायला लागली. सुतळीनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. चहाच्या वेळी बिस्किटाचा पुडा फिरत आला, ताईनं त्यातलं एक घेतलं, मग आणखी दोन. चवही कळली नाही. सकाळचे फोन बंद झाले होते. हळूहळू पाय पुन्हा जड झाले. तिला त्याचं विशेष वाईट वाटलं नाही. ओळखीचं काहीतरी परत आल्यासारखं झालं.

"तू पुन्हा दमायला लागलीस," मुलगी म्हणाली.

"वय झालं."

"दोन महिन्यांपूर्वी नव्हतं झालं ते?"

ताई कूस बदलून झोपली.

एका रविवारी वहिनी आली, न कळवता. तीन मजले चढून आल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. पाणी प्यायली. खोलीभर बघितलं. पलंगाखाली वजनाचा काटा धूळ खात पडला होता.

"मी तुझ्याशी वाईट वागले," वहिनी म्हणाली.

"काहीतरीच काय."

"नाही, ऐक. मी रोज फोन करायचे. तुझी चौकशी कधी केलीच नाही. मी त्याच्या लिव्हरची चौकशी करायचे."

"मला माहीत होतं, वहिनी."

"तरी उचलायचीस फोन?"

"उचलायचे. मला तरी सकाळी दुसरं कोण फोन करतं?"

वहिनीच्या तोंडून हसू निसटलं आणि लगेच तिचे डोळे भरले. दोघी पलंगावर शेजारी शेजारी बसल्या. खाली कोणीतरी बादली आपटली.

"तो जायच्या आदल्या दिवशी थोडा वेळ शुद्धीवर होता," वहिनी म्हणाली. "तुला सांगायचं राहिलं. म्हणाला, ढब्बीचं लिव्हर वाचलं, एक बरं झालं. मला राग आला होता तेव्हा. म्हटलं, तू मरतोयस आणि तुला तिचं कौतुक. म्हणून सांगितलं नाही."

ताईनं मान हलवली. मग इतक्या दिवसांनी तिला रडू आलं. मोठ्यानं नाही, पण बराच वेळ. वहिनी तिची पाठ थोपटत राहिली.

बाह्यरुग्ण विभागात नाव मुलीनंच घातलं, तिची स्वतःची तपासणीची तारीख होती त्याच दिवशीचं. रांग लांब होती, बाकावर जागा नव्हती. आतले डॉक्टर वयस्कर होते, फार न बोलणारे. चरबी काही प्रमाणात परत आली होती, इन्सुलिन वर चढलं होतं, थायरॉइड पुन्हा मंद. पहिल्याइतकं वाईट नव्हतं. मुलीचे आकडे चांगले सुधारले होते, तिची पाळी दोनदा वेळेवर आली होती. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि खाण्या-चालण्याचं सांगायला सुरुवात केली.

"ते सगळं माहीत आहे मला," ताई म्हणाली. "केलंय मी. पण मी फार दमते हो, डॉक्टर."

आजवर हे वाक्य ती कोणापुढे बोलली नव्हती. तिचं तिलाच ते विचित्र वाटलं. डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. "काम काय करता?" त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. "दिवसभर उभं राहून मग चालायचं म्हणजे कठीणच," ते म्हणाले. "बसून करायचं काही काम मिळतंय का बघा. मी चिठ्ठी देतो. आणि चालणं थोडं कमी झालं तरी चालेल, पण रोज हवं."

चिठ्ठी ताईनं पिशवीत तशीच ठेवली. मुकादमासमोर उभी राहून ती तोंडानंच बोलली, "मला बसायचं काम द्या. रोलरवर आता होत नाही."

"आता?" मुकादम म्हणाला. "तू तर उलट बारीक झालीस. चांगली दिसतेस की."

"दिसते. पण दमलेय."

मुकादम तिच्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत तिनं काही मागितल्याचं त्याला आठवत नसावं. शेवटी त्यानं आठवड्यातले तीन दिवस तिला फाटक्या चादरी शिवायच्या कामावर टाकलं, उरलेले दिवस रोलरवर. पूर्ण नाही, पण काहीतरी मिळालं.

शिवणाची जागा तळघराच्या टोकाला होती, उंच खिडकीखाली. तिथे एक म्हातारा शिंपी वर्षानुवर्षं एकटाच मशीन चालवत होता. त्यानं तिला चादरीला ठिगळ कसं लावायचं ते दाखवलं, कडा आधी दुमडायच्या, मग शिवण. पहिल्याच दिवशी जेवण झाल्यावर, हातातली चादर मांडीवर घेऊन बसल्या बसल्या ताईला झोप लागली. किती वेळ लागली ते कळलं नाही. जाग आली तेव्हा शिंप्याचं मशीन बंद होतं आणि तो हातानं बटणं लावत बसला होता.

"मशीन बिघडलं का?" ताईनं गडबडीनं चादर उचलत विचारलं.

"नाही," शिंपी म्हणाला. "आवाज फार करतं ते. झोपा अजून थोडं. चादरी कुठे पळून जातायत?"

ताईनं चादर पुन्हा मांडीवर पसरली. थोडा वेळ तशीच बसली, मग सुईत दोरा ओवला.